अपराध पोटात, माया दाराबाहेर

मराठीत दुसऱ्याचा अपराध पोटात घालतात. क्षमा हा शब्द कीर्तनात आणि पुस्तकात भेटतो. घरात चालतो तो हा वाक्प्रचार. त्यानं एक गोष्ट आपसूक सांगून ठेवली आहे: पोटात घातलेलं नाहीसं होत नाही, ते लोकांच्या नजरेआड आपल्या आत जातं. हे अगदी सहज जमणारी माणसं प्रत्येक गणगोतात असतात. पट्ट्यानं मारणाऱ्या वडिलांविषयी ती म्हणतात, ‘त्यांच्यामागं तरी किती व्याप होता.’ येता-जाता पाणउतारा करणाऱ्या आईविषयी म्हणतात, ‘तिला तरी कुणी कधी जीव लावला?’ आणि याच माणसांपुढं तापात कुणी पेजेची वाटी आणून ठेवली, की ती अवघडून जातात. ‘कशाला उगाच’, ‘मी घेतली असती करून’, ‘तुझी झोप मोडली’. दुखावणाऱ्याला सूट देताना ज्यांचं मन क्षणभरही अडत नाही, ती जीव लावणाऱ्याकडून एक वाटी घेताना अडतात. लोक याचा अर्थ असा लावतात की माणूस मनानं मोठा आहे, फक्त जरा भिडस्त आहे. मला हा अर्थ मान्य नाही. ही सूट आणि हा संकोच, दोन्ही एकाच जुन्या धड्यातून आलेले असतात. आपल्याला झालेली इजा ही इजाच नव्हती, असं मनानं एकदा ठरवलं की क्षमा करण्याजोगं काही उरतच नाही; आणि इजा मोजावी इतकंही ज्याला स्वतःचं मोल वाटत नाही, त्याला कुणाचं प्रेम आपल्या हक्काचं कसं वाटणार?

हा धडा किती घरांत गिरवला जात असेल, याचा अंदाज यावा म्हणून एकच पाहणी सांगतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून २००७ मध्ये बाल-अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांमागं दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसली होती, आणि दर दोघांत एकानं मानसिक छळ. मानसिक छळाच्या ८३ टक्के घटनांत छळ करणारे आईवडीलच होते. म्हणजे दुखावणारा हात आणि भरवणारा हात बहुतेक वेळा एकच होता. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसानं मारलं तर मूल पळून आईकडं येतं. आईनंच मारलं तर त्यानं पळून कुणाकडं जायचं?

निसर्गानं या पेचाला दिलेलं उत्तर क्रूर वाटावं असं आहे. रेजिना सलिव्हन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या नवजात पिलांवर प्रयोग केले. पिलांना एक विशिष्ट वास द्यायचा आणि त्याच वेळी विजेचा सौम्य झटका द्यायचा. मोठा उंदीर असा वास आला की दूर पळतो. दहा दिवसांच्या आतली पिलं मात्र त्या वासाकडं सरकत गेली. या वयात तणावाच्या संप्रेरकाची पातळी फार कमी असते आणि भीतीची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, अजून कामाला लागलेला नसतो. त्यामुळं वेदनेबरोबर आलेला वाससुद्धा आपुलकीचा म्हणून शिकला जातो. पिलू थोडं मोठं झालं की ते वास टाळायला शिकतं. पण २००६ मध्ये मोरिसो आणि सलिव्हन यांनी दाखवलं की शिकताना आई जवळ असेल, तर हे जरा मोठं झालेलं पिलूही पुन्हा त्या वासाकडं ओढलं जातं. ज्या पिलाला आईवाचून जगताच येत नाही, त्याला आईचा तिटकारा परवडणारा नसतो. माकडांतही हेच दिसलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी मऊ कापडाच्या नकली आयांवर केलेले प्रयोग प्रसिद्धच आहेत. १९६३ मध्ये रोझेनब्लम आणि हार्लो यांनी त्या कापडी आईतून पिलाच्या अंगावर हवेचा जोरदार झोत सोडून पाहिला. त्रास देणाऱ्या आईला पिलू सोडून देईल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. ती पिलं उलट जास्त वेळ तिला बिलगून राहिली.

उंदराच्या पिलावरून माणसाच्या लेकराबद्दल थेट निष्कर्ष काढू नये हे खरं. पण माणसाच्या लेकराकडं या पिलांजवळ नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे स्पष्टीकरण रचण्याची ताकद. आणि ती पेच आणखी घट्ट करते. एडिंबरामधले मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांना वाईट वागवल्या गेलेल्या मुलांशी बोलताना एक विचित्र गोष्ट आढळली. ही मुलं आपले आईवडील वाईट आहेत हे कबूल करायला अजिबात तयार नसत, मात्र आपण स्वतः वाईट आहोत हे चटकन मान्य करत. १९४३ च्या निबंधात त्यांनी याची उकल मांडली. आईवडील वाईट आहेत असं मानलं तर जगात कुठंच आसरा उरत नाही. मीच वाईट आहे असं मानलं तर निदान एक आशा राहते, मी सुधारलो की ते प्रेम करतील. लेकरू दुसरा पर्याय निवडतं, कारण पहिला त्याला झेपणारा नसतो. पुढं १९९० च्या दशकात जेनिफर फ्रेड यांनी हाच विचार स्मृतीच्या अंगानं मांडला: ज्याच्यावर आपला जीव अवलंबून आहे त्यानंच केलेला विश्वासघात मनाला दिसत नाही, कारण तो दिसला तर नातं तुटेल आणि नातं तुटलं तर जगणं अवघड होईल. ‘मी होतोच तसा व्रात्य’, ‘मारलं म्हणून तर घडलो’ ही मोठेपणी अभिमानानं म्हटलेली वाक्यं ऐकताना फेअरबेर्न यांच्यासमोर बसलेली ती मुलं आठवावीत. त्या वाक्यांत क्षमा नाही. क्षमेला आधी आरोप लागतो, आणि इथं आरोप कधीच स्वतःवर वळवून घेतलेला असतो.

हे पोकळ ऐकू येणारं समाधान ओळखण्याची एक पद्धत कॅलिफोर्नियातल्या मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मुलाखतीत आहे. प्रौढ माणसाला विचारायचं, तुमच्या आईशी असलेल्या नात्याचं वर्णन करणारी पाच विशेषणं सांगा. मग प्रत्येक विशेषणासाठी लहानपणची एखादी आठवण विचारायची. काही माणसं ‘प्रेमळ’, ‘त्यागी’, ‘खंबीर’ अशी भरभरून विशेषणं देतात. पण ‘प्रेमळ’साठी आठवण मागितली की त्यांना काही सुचत नाही, किंवा विशेषणाच्या नेमकी उलट घटना सांगून ती मोकळी होतात आणि त्यातली विसंगती त्यांच्या लक्षातही येत नाही. दुसरी काही माणसं असतात, ज्यांचं बालपण खडतर गेलेलं असतं, पण ती ते सलग, स्पष्ट, आईच्या बाजूकडंही बघत सांगू शकतात. झालं ते वाईट होतं आणि ते का झालं असेल हेही कळतं, ही दोन्ही वाक्यं त्यांच्या तोंडी एकत्र नांदतात. या मुलाखतीत वजन बालपण कसं गेलं याला फारसं नसतं. ते कसं सांगता येतं याला असतं. पहिल्या गटातली माणसं बाहेरून जास्त क्षमाशील दिसतील. माझ्या मते क्षमेच्या जवळ दुसरा गट आहे.

क्षमेचा अभ्यास करणाऱ्यांचंही काम हेच सांगतं. हार्लो यांच्याच विद्यापीठात नंतर रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेची पायरीपायरीनं जाणारी उपचारपद्धत उभी केली, आणि तिची पहिली पायरी आहे राग उघडा करणं. काय झालं, कुणी केलं, त्यानं माझं काय गेलं. क्षमा म्हणजे गुन्हा नव्हता असं म्हणणं नव्हे, विसरणं नव्हे, आणि पुन्हा नांदायला जाणंही नव्हे, हे ते आधीच बजावतात. १९९६ मध्ये सुझॅन फ्रीडमन आणि एनराइट यांनी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या १२ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकीला क्षमेपर्यंत पोचायला सरासरी चौदा महिने लागले, तेही आठवड्याला एकदा समुपदेशकासमोर बसून. त्यांची चिंता आणि नैराश्य घटलं, आशा वाढली. हे चौदा महिने मला फार बोलके वाटतात. ज्या माणसानं आपल्या बापाला एका वाक्यात माफ करून टाकलं, त्यानं हे चौदा महिन्यांचं काम कधी केलं असेल?

आता वाटीकडं येऊ. प्रेम घेता न येणं ही विक्षिप्तता नाही. त्यामागं एक तर्क आहे. टेक्सास विद्यापीठातले विल्यम स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात विवाहित जोडप्यांत असं आढळलं की ज्यांचं स्वतःविषयीचं मत वाईट असतं, ती माणसं आपल्याला कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी जास्त बांधलेली असतात आणि कौतुक करणाऱ्याशी कमी. त्यांना दुःखाची हौस नसते. माणसाला आपण कोण हे ठाऊक असण्याची गरज असते, आणि कौतुक ते ठाऊक असणंच हलवून टाकतं. सॅन्ड्रा मरे यांच्या अभ्यासांत आणखी एक दुवा मिळतो: स्वतःला कमी लेखणारी माणसं जोडीदार आपल्याविषयी काय मानतो याचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा खालचा बांधतात. समोरचा खरंच जीव लावत असतो. ते पोचतच नाही. इंग्लंडमधले पॉल गिल्बर्ट यांनी २०११ मध्ये करुणेची भीती मोजली, आणि तिचे तीन प्रकार केले: दुसऱ्याला करुणा देण्याची, दुसऱ्याकडून घेण्याची, आणि स्वतःला देण्याची. घेण्याची भीती आणि स्वतःला देण्याची भीती या दोन्ही हातात हात घालून चालतात, आणि दोन्हींचा संबंध स्वतःला टोचत राहण्याशी, नैराश्याशी आणि असुरक्षित नात्यांशी निघाला. सगळ्यांना क्षमा वाटणारा आणि स्वतः काही न घेणारा माणूस या मोजमापात स्पष्ट दिसतो.

मराठीत या भीतीला नाव आहे, मिंधेपणा. मिंधा माणूस खाली मान घालून वावरतो, कारण त्याच्यावर ओझं असतं. ज्या घरात माया हुशारीच्या, आज्ञाधारकपणाच्या, गप्प बसण्याच्या बदल्यात मिळाली, त्या घरात वाढलेल्याला प्रत्येक माया ही उसनवारी वाटते; आज घेतली तर उद्या व्याजासकट मागितली जाईल. क्षमा देताना हा धोका नसतो. क्षमा देणारा वरच्या पायरीवर असतो, त्याला कुणाकडं काही मागायचं नसतं. देणं सोपं आणि घेणं अवघड, याचं हे कारण मला सगळ्यांत पटतं: देताना माणूस सुरक्षित असतो, घेताना उघडा पडतो.

ताटीच्या अभंगांमागची परंपरेनं सांगितलेली गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. लोकांनी केलेल्या अपमानानं व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताबाई बाहेरून त्यांना विनवू लागली. जनांचे अपराध योग्यानं सोसावेत, असं ती सांगते. पण क्षमेचा उपदेश हा तिचा युक्तिवाद आहे, तिची मागणी दार उघडण्याची आहे. जगाला क्षमा तर आत बसूनही करता आली असती, त्यासाठी कडी काढायची गरज नव्हती. कडी काढावी लागते ती बाहेर उभ्या असलेल्या बहिणीसाठी. ज्यांनी दुखावलं ते केव्हाच निघून गेलेले, आणि बंद दाराचा जाच होतो तो जिचा जीव तुटतो आहे तिला. क्षमाशील माणसाशी संसार करणाऱ्या कितीतरी जणांची उभं राहण्याची जागा हीच असते.

यावर पहिला आक्षेप आपल्या परंपरेतूनच येईल. पैठणच्या एकनाथांनी गोदावरीवर स्नान करून येताना अंगावर थुंकणाऱ्याला उलट शब्दही न बोलता पुन्हापुन्हा स्नान केलं, अशी कथा आहे. तिथं कुठला आरोप होता, कुठला राग होता? बिनशर्त क्षमा हीच श्रेष्ठ नव्हे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण एकनाथांना त्या थुंकणाऱ्याकडून काही नको होतं. त्यांचं जेवण, आसरा, स्वतःविषयीचं मत, काहीच त्याच्या हातात नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीचं सगळंच मारणाऱ्याच्या हातात असतं, आणि मोठेपणीच्या कित्येक बायकांचंही. तिथं संताची उपमा लावणं मला अन्यायाचं वाटतं. क्षमा कुठल्या जमिनीवर उभी आहे याला किती महत्त्व आहे, हे दोन अभ्यासांतून दिसतं. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा पहिली चार वर्षं पाठपुरावा केला. जे चटकन माफ करत नव्हते त्यांच्या जोडीदारांची आक्रमकता काळाबरोबर कमी झाली. जे चटकन माफ करत होते त्यांच्या जोडीदारांची होती तशीच राहिली. लॉरा लुचीज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की दुखावणाऱ्याच्या पुढच्या वागण्यातून ‘तू सुरक्षित आहेस, तुझी किंमत आहे’ असं कळत असेल तर माफ केल्यानं माफ करणाऱ्याचा स्वाभिमान वाढतो, आणि तसं कळत नसेल तर तो झिजतो. २००६ मध्ये गेल रीड आणि एनराइट यांनी मानसिक छळ सोसलेल्या बायकांसोबत क्षमेचं काम केलं. त्या सगळ्या छळणाऱ्यापासून किमान दोन वर्षं कायमच्या वेगळ्या झालेल्या होत्या. आधी दार सुरक्षित, मग क्षमा.

दुसरा आक्षेप उलट दिशेनं येतो: क्षमेचे फायदे सिद्ध झालेले असताना तिच्याविषयी इतक्या शंका कशाला? फायदे आहेत, हे मान्यच आहे. एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या पद्धतीवर आधारलेली एक कार्यपुस्तिका कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेनमधल्या ४,५९८ लोकांवर तपासली गेली, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मनातली अढी, नैराश्य आणि चिंता कमी झालेली दिसली. पण खुद्द वर्दिंग्टन यांचं आयुष्य माझ्या मुद्द्याकडं बोट दाखवतं. १९९५ च्या अखेरच्या रात्री त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला. क्षमेचा अभ्यासक असलेल्या या माणसानं त्या खुन्याला क्षमा केली, आणि ती दिखाऊ नव्हती. त्यांचा भाऊ, ज्यानं आईचा मृतदेह पाहिला होता, त्यानं २००५ मध्ये आत्महत्या केली. आपण भावाला पुरेसा आधार दिला नाही, हे ते स्वतःला वर्षानुवर्षं माफ करू शकले नाहीत. पुढं स्वतःला माफ करण्यावर त्यांनी वेगळं पुस्तकच लिहिलं. परक्या खुन्यापर्यंत पोचलेली क्षमा स्वतःच्या दाराशी येऊन थांबते, हे या विषयातल्या सगळ्यांत जाणत्या माणसाच्या बाबतीत घडलं. दुसऱ्याला सोडण्याचा आणि स्वतः काही घेण्याचा मार्ग वेगवेगळा आहे, आणि पहिला चालून झाला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडं प्रेम बोलून दाखवायची रीतच नाही. ‘कशाला उगाच’ हा शिष्टाचार आहे, जखम नव्हे. बरोबर आहे, आणि म्हणूनच शब्दांवरून काही ठरवू नये. शिष्टाचारानं ‘कशाला उगाच’ म्हणणारा माणूस म्हणतो आणि वाटी घेतो, पेज पितो, झोपी जातो. ज्याची गोष्ट इथं चालली आहे तो वाटी घेतल्यावर तापातच उठून भांडी घासायला लागतो.

मग हे बदलतं कसं? ‘आधी स्वतःवर प्रेम करायला शिका’ हा सध्याचा आवडता सल्ला मला उलटा वाटतो. लेकरू स्वतःवर प्रेम करायला शिकून मग आईकडं येत नाही. कुणीतरी जीव लावतं त्यातून ते शिकतं. प्रौढालाही तोच मार्ग आहे, फक्त तो फार हळू आहे. कॅनडात डेनीस मॅरिगोल्ड, जॉन होम्स आणि मायकेल रॉस यांनी २००७ मध्ये केलेला प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. स्वतःला कमी लेखणाऱ्यांना जोडीदारानं केलेलं एखादं कौतुक नुसतं आठवायला सांगितलं, तर त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. पण जोडीदाराला ते का वाटलं असेल, त्याचा आपल्यासाठी अर्थ काय आणि आपल्या नात्यासाठी काय, हे लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना नात्यात जास्त सुरक्षित वाटलं, आणि हा परिणाम नंतरही काही काळ टिकला. कौतुक ‘त्या दिवशी सहज बोलला’ या खात्यातून काढून ‘तो मला असा पाहतो’ या खात्यात टाकावं लागतं. ते काम घेणाऱ्यालाच करावं लागतं, देणाऱ्यानं कितीही मोठ्यानं सांगितलं तरी.

या वाटेवर एक वळण असं येतं, ज्यानं घरची माणसं हमखास गोंधळतात. गिल्बर्ट सांगतात की करुणा मिळू लागली की जिव्हाळ्याशी जोडलेल्या जुन्या आठवणीही जाग्या होतात, आणि त्या आठवणींत उपेक्षा असेल तर ऊब मिळताच माणूस घाबरतो किंवा त्याला रडू कोसळतं. वीस वर्षं वडिलांविषयी चकार वाईट शब्द न काढलेली बाई, नवरा मनापासून जपायला लागल्यावर, अचानक वडिलांवर चिडते. नवऱ्याला वाटतं, आपल्या हातून काही बिघडलं. आईला वाटतं, जावयानं कान भरले. खरं तर तिला आता कुठं तुलना करायला काही मिळालेलं असतं. तापात उठायला न लावणारं माणूस भेटलं, म्हणून तापात उठायला लावणाऱ्यानं काय केलं हे दिसलं. एनराइट ज्याला पहिली पायरी म्हणतात तो राग असा प्रेमाच्या मागून येतो, आणि तो आल्यावर ती वडिलांना माफ करील की नाही, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही, तिलाही नाही. तोवर नवऱ्यानं पेज गरम ठेवावी, आणि ती भांड्यांकडं निघाली तर तिला परत पांघरुणात बसवावं.